निळ्या खांबांचं गाव

परशराम अण्णांची वही माझ्याकडे आहे. ग्राफच्या कागदांची, जाड सुतानं हातानं शिवलेली, एकशे ब्याण्णव पानांची. पानं मी मोजली आहेत. साडीच्या काठाची नक्षी बसवायला विणकर वापरतात तसला हा बारीक चौकटींचा कागद. पहिल्या सहा पानांवर खरोखरच काठाच्या नक्ष्या आहेत: कोयरी, रुद्राक्ष, एक अर्धवट सोडलेला मोर. सातव्या पानापासून समुद्र सुरू होतो.

अण्णा गेले त्याला दीड वर्ष झालं. वही त्यांच्या सुनेनं, स्नेहलनं, आणून दिली. "घरात कुणाला कळत न्हाय आणि टाकवत बी न्हाय," ती म्हणाली. अण्णांच्या व्हिडिओ गेमची कॅसेट तिनं स्वतःजवळ ठेवली आहे. ती अजून चालू होते, गाणं वाजतं, पण आत जपून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं आहे. असल्या जुन्या कॅसेटमध्ये बटणाएवढी एक बॅटरी असते. ती संपली की खेळणाऱ्याची सगळी वर्षं जातात. या खेळांचे जे काही दोष आहेत त्यातला हा सर्वांत मोठा म्हणायला हवा.

बेळगावच्या वडगावात मी नऊ वर्षं अण्णांच्या शेजारच्या घरात माडीवर भाड्यानं राहिलो. त्यांच्या तळमजल्यावर चार यंत्रमाग. सकाळी आठला ते सुरू होत आणि माझ्या खोलीतलं भांडं न् भांडं थरथरू लागे. माझी कचेरी दुपारी चारला. बातम्यांची पानं लावायचं काम, त्यामुळे दुपारी मी घरीच असे. एकला माग जेवणासाठी थांबत. त्या अचानक पडलेल्या शांततेत एक चिरका, बारीक, पत्र्यावर वाजवल्यासारखा सूर यायचा. तोच सूर, पुन्हा पुन्हा, बरोबर एक तास. दोन वाजता तो बंद होई आणि माग सुरू होत. आठ-दहा दिवस ऐकल्यावर मी खाली उतरून चौकशी केली.

"गाणं व्हय? ते चालायचं गाणं हाय," अण्णा म्हणाले. "आत या. चप्पल राहू द्या. लढाई लागली की दुसरं वाजतंय."

मागांच्या खोलीला लागून एक आठ बाय दहाची खोली होती. कोपऱ्यात जुना, फुगीर काचेचा टीव्ही. त्याच्यासमोर पाटावर अण्णा. साठीच्या जवळपासचे, किडकिडीत, कानांत कापसाचे बोळे, चष्म्याची काडी सुतानं बांधलेली. चाळीस वर्षं मागांच्या आवाजात काढल्यामुळे ते शांत खोलीतही ओरडूनच बोलत. भिंतीला टेकून त्यांची थोरली बहीण चरख्यावर कांड्या भरत बसलेली. धोट्यात घालायच्या सुताच्या बारक्या कांड्या. तिला सगळे आक्का म्हणत. अण्णा, त्यांचा मुलगा, सून, दूधवाला, पेपर टाकणारा, पुढे मीसुद्धा.

टीव्हीवर चार ठेंगणी माणसं एकामागोमाग एक, रांगेनं, हिरव्या माळावरून चालली होती.

गेम कुठून आला याची हकिकत अशी. मागाचे सुटे भाग आणायला अण्णा इचलकरंजीला गेले होते. जुन्या सामानाच्या एका दुकानात त्यांनी नातलगाच्या पोरांना द्यायला म्हणून व्हिडिओ गेम घेतला. दुकानदारानं सांगितलं, कॅसेटमध्ये नऊशे नव्याण्णव खेळ आहेत. घरी येऊन लावली तर एकच निघाला, आणि तोही जपानी भाषेत. पोरांनी दहा मिनिटांत तो टाकला. त्यात गोळ्या नव्हत्या, गाड्या नव्हत्या, उड्या नव्हत्या. माणसं नुसतीच चालत होती आणि चार पावलांवर कुणीतरी आडवं येत होतं. पोरं गेली. अण्णा समोर बसून राहिले.

या जातीचे खेळ मी नंतर थोडे समजून घेतले. एक लहान टोळी घेऊन मोठा मुलूख पायी पालथा घालायचा. वाटेत लढाया. प्रत्येक लढाईनंतर माणसं किंचित बळकट होतात, इतकी किंचित की तासाभरानंतर कळावं. गावात औषध, हत्यारं मिळतात. धर्मशाळेत मुक्काम केला तरच तोवरचा खेळ जपला जातो. कुठं जायचं ते कुणी बोट धरून सांगत नाही, ते गावकऱ्यांच्या बोलण्यातून काढायचं असतं. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हा खेळ जवळजवळ बंदच.

अण्णांना ही अडचण वाटली नाही. त्याचं कारण वडगावात राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. अण्णांची शाळा चौथीपर्यंत, मराठी. कन्नड ते बाजारात, सूतवाल्यांशी, रिक्षावाल्यांशी फडाफडा बोलत. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. आणि विजेचं बिल, पाणीपट्टी, रेशनचा कागद, बसची पाटी सगळं कन्नडमध्ये. आयुष्यभर त्यांनी ते कागद जागेवरून ओळखले होते. बिलात वरून तिसरी ओळ, उजवीकडे, म्हणजे युनिट. खालचा जाड चौकोन म्हणजे शेवटची तारीख. एकदा मागाच्या वीजजोडणीचा तीन पानी अर्ज त्यांनी माझ्यासमोर भरला. कुठल्या रकान्यात काय हे त्यांना तोंडपाठ होतं. माझा हात दोनदा चुकला असता, त्यांचा एकदाही नाही.

"वाचायचं नसतंय, पेपरवाले," ते म्हणाले. "वळखायचं असतंय."

गेमचंही त्यांनी तेच केलं. चार ओळींची यादी आली की पहिली म्हणजे मारा, दुसरी मंत्र, तिसरी पिशवी, चौथी पळा. दोन ओळी आल्या की वरची व्हय, खालची न्हाय. टोळीतल्या चौघांना त्यांनी नावं दिली होती. थोरला, धाकला, म्हातारा आणि पांढऱ्या झग्यातली बाई. ती मारामारी करत नसे. कुणाला लागलं की त्याला बरं करी. तिला ते आक्का म्हणत.

"माझं नाव तिला कशाला रं?" चरख्यावरची आक्का म्हणे.

"तू बी तेच करतीस की. आम्ही मार खाऊन यायचं, तू हळद लावायची."

गावकऱ्यांचं बोलणं मात्र जागेवरून ओळखता येत नाही. त्यासाठी अण्णांनी वेगळा नियम केला होता. माणूस कुठं उभा आहे ते बघायचं. दारात उभा असेल तर काहीतरी मागतोय, विहिरीवर असेल तर काहीतरी सांगतोय, तोंड फिरवून उभा असेल तर रागावलाय. हा नियम त्यांना प्रत्यक्ष आयुष्यात उपयोगी पडला असावा. गेममध्ये तो किती चुकीचा होता हे पुढे कळलं.

वाट शोधायला त्यांनी नकाशे काढायला घेतले. एक पाऊल म्हणजे एक चौकट. हिरवी झाडी, निळं पाणी, तपकिरी डोंगर, जांभळी दलदल. जिथं लढाया जास्त तिथं फुली. काठाची नक्षी बसवताना जसा एकेक धागा मोजतात तसं ते पावलं मोजत. मोजताना कुणी बोललं तर हात वर करत, आणि तो हात खाली येईपर्यंत खोलीत कुणी खोकतही नसे.

या खेळात किती वेळ वाया जातो असं मी एकदा विचारलं. पत्रकाराचा प्रश्न. चार पावलं, एक लढाई. पुन्हा चार पावलं, पुन्हा तीच लढाई, तेच गाणं, तोच फुगलेला बेडूक.

"मागावर काय वेगळं हाय?" अण्णा म्हणाले. "धोटा हिकडं, धोटा तिकडं. तेच तेच. पर कापड वाढतंय की."

"अण्णा, कापड विकता तरी येतं."

"ते बी खरं." त्यांनी थोडा विचार केला. "पर थोरल्याला आधी यक बेडूक मारायला चार घाव लागायचे. आता एका घावात मारतंय. माझं तसं कशात झालंय? चाळीस वर्सात मी हाय तिथंच हाय. लेवल वाढली न्हाय."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. युनिट किती पडले हे सांगावं तसं सांगितलं.

खेळात उणीव नव्हती असं त्यांचंही मत नव्हतं. त्यांची मुख्य तक्रार गावकऱ्यांविषयी होती. "कवा बी जावा, तीच जागा, तेच बोलनं. जग बुडाय लागलंय आणि हा बाबा हिरीवरनं हलत न्हाय. जेवत कवा असंल?" दुसरी तक्रार धर्मशाळांची. त्या लांब लांब होत्या, आणि मधे वीज गेली की सगळं पाण्यात. एका पावसाळ्यात एका गुहेत त्यांनी, मधे गेम चालूच ठेवून, तीन दुपारी घालवल्या. शेवटच्या खोलीच्या दाराशी पोचले आणि टीव्ही काळा झाला. मी तिथंच होतो. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी कानातला कापूस काढून नवा घातला, वही उघडली आणि म्हणाले, "गेल्या बारी डावीकडनं गेलतो. ह्या बारी उजवीकडनं जाऊन बघूया."

स्नेहल मच्छे गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या कचेरीत काम करायची. स्कूटरवरून जायची, शनिवारी दुपारी लवकर यायची. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याचा हा नाद बघून ती आधी घाबरली, मग चिडवू लागली. "मामा, एवढ्या चालण्यात तुम्ही दोनदा काशीला जाऊन आला असता," ती म्हणे.

"गेलो असतो. पर मला वळखीचं कोन हाय तिथं?"

वहीतल्या नकाशांचा एक परिणाम मागावरही झाला. एकदा त्यांनी एका साडीच्या काठात निळे खांब बसवले. एक खांब, मधे दोन ठिपके, पुन्हा खांब. गेममधल्या एका गावाच्या देवळाचे ते खांब. व्यापाऱ्यानं साडी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "अण्णा, हे काय? कवळी?" पुन्हा बघितल्यावर मलाही ते दातच वाटले. साडी परत आली. अण्णांनी ती आक्काला दिली. आक्कानं ती त्याच दिवाळीला निपाणीकडे जाताना नेसली.

त्या दिवाळीच्या फेरीविषयी सांगायला हवं. आक्काचं सासर निपाणीजवळच्या एका खेड्यात. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता, तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. इकडे वडगावात अण्णांची बायको बाळंतपणात गेली, मूल वाचलं. अण्णा निपाणीला गेले आणि बहिणीला घेऊन आले. तेव्हापासून आक्का वडगावात. तिनं भाच्याला वाढवलं, त्याचं लग्न केलं, आणि कांड्या भरल्या. खेड्यातलं दोन खोल्यांचं घर कुलूप लावून राहिलं. किल्ली तिच्या कमरेच्या चंचीत असे, पान-सुपारीबरोबर.

दर दिवाळीला दोघं जात. अण्णा कुलूप उघडत, आक्का झाडलोट करी, चूल सारवी, देवासमोर दिवा लावी. संध्याकाळच्या बसनं दोघं परत. आणि दर दिवाळीला निघताना आक्का म्हणे, "मी ऱ्हातो रं हितंच. तू जा." अण्णा पिशवी उचलत आणि म्हणत, "चल, बस जाईल." हे मला स्नेहलनं सांगितलं होतं. बोलण्याच्या ओघात, विशेष नाही म्हणून.

मी एकदा अण्णांना विचारलंही, आक्का राहते म्हणतात तर राहू का देत नाही.

"म्हनती तसं. बायकामानसं म्हनत्यात. भाऊ जिता असताना भनीनं एकलं ऱ्हायचं? तिनं माझं घर उभं केलंय, पेपरवाले. आणि मी तिला कुलपाच्या घरात सोडून येऊ?" आवाज नेहमीपेक्षाही मोठा होता. आक्का भिंतीला टेकून कांडी भरत होती. तिनं मान वर केली नाही.

आता निळ्या खांबांच्या गावाकडे यायला हवं. हे गाव नकाशाच्या उत्तर टोकाला. वहीत ते एकशे चौदाव्या पानावर आहे. चौघं देवळात शिरले की एक गोष्ट घडे. पांढऱ्या झग्यातली बाई रांगेतून दोन पावलं बाहेर येई आणि बाकीच्यांकडे पाठ करून खांबाशी उभी राही. गाणं बदले. खाली चार ओळी मजकूर उमटे आणि मग दोन शब्द, एकाखाली एक. वरचा व्हय, खालचा न्हाय.

अण्णांनी पहिल्यांदा सवयीनं वरचं बटण दाबलं होतं. पडदा काळोखला, आणि उजेड आला तेव्हा रांगेत तिघंच होते. त्यांनी तात्काळ टीव्हीचा आणि गेमचा, दोन्हीचे खटके बंद केले. आधीच्या धर्मशाळेतून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा देवळात गेले, आणि या खेपेला खालचं दाबलं. बाई वळली, मुकाट्यानं रांगेत आली. गावाच्या उत्तरेचा दरवाजा बंदच राहिला.

पाठ फिरवून उभी, म्हणजे रागावली, किंवा तिला कुणी ठेवून घेतंय, किंवा ती मरणार. अण्णांच्या नियमानं एवढेच अर्थ निघत होते. तिला सोडल्याशिवाय पुढचा मुलूख नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ते मान्य केलं नाही. दुसरी वाट असलीच पाहिजे, असं म्हणून त्यांनी सगळा मुलूख चौकट चौकट तपासायला घेतला. प्रत्येक डोंगराची कड, प्रत्येक बेटाचा किनारा. वहीची एकशे ब्याण्णव पानं झाली ती अशी. लोकांना वाटे म्हातारा खेळतोय. तो वाट शोधत होता. मी राहायला येण्याआधीपासून शोधत होता आणि पुढची आठ-साडेआठ वर्षं शोधत राहिला. अधूनमधून देवळात जाई, ती विचारी, तो खालचं बटण दाबी, ती रांगेत येई.

तो शनिवार मला नीट आठवतो. स्नेहल कामावरून आली होती. कचेरीत जपानहून आलेल्या एका यंत्रावरची पाटी कुणीतरी मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मराठीत करून वाचली होती. ती येतायेताच म्हणाली, "मामा, थांबा. गेम लावा. एक गंमत करते."

तिनं मोबाइल टीव्हीसमोर धरला. अक्षरं थरथरली, विस्कटली, आणि मोडक्या मराठीत जुळली. अण्णांनी टोळी पहिल्या गावात नेली. विहिरीवरच्या माणसासमोर उभी केली. हा माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगतोय असं धरून त्यांनी विहिरीभोवतीच्या साठ चौकटी दोनदा तपासल्या होत्या.

स्नेहलनं वाचलं, "आज हवा चांगली आहे."

आक्का हसायला लागली. तिचा चरखा डुगडुगला.

"दुसऱ्याला इचार," अण्णा म्हणाले.

दारातला, काहीतरी मागणारा माणूस: "आमच्या गावात तुमचे स्वागत आहे." किल्ल्यातला, ज्याला ते वर्षानुवर्षं फितूर समजत होते तो शिपाई: "मला भूक लागली आहे."

"मी म्हनत हुतो न्हवं, जेवत कवा असंल," अण्णा म्हणाले, आणि तेही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चष्मा काढून सुताच्या गाठीसकट पुसला.

"मामा, आता तुमच्या त्या देवळात चला," स्नेहल म्हणाली.

अण्णांचं हसू थांबलं. "लांब हाय ते."

"असू दे. मी आहे बसून."

बेचाळीस मिनिटं लागली. वाटेत अकरा लढाया झाल्या. माग सुरू करायची वेळ टळून गेली, मुलानं दारातून दोनदा डोकावून बघितलं आणि स्वतःच माग चालू केले. त्यामुळे पुढचं सगळं त्या खडखडाटात, ओरडून बोललं गेलं.

बाई दोन पावलं बाहेर आली. खांबाशी उभी राहिली. चार ओळी उमटल्या. स्नेहलनं मोबाइल धरला, हात स्थिर केला, आणि मोठ्यानं वाचलं:

"हे माझे गाव आहे. मी पुष्कळ चालले. आता मला इथे राहायचे आहे. जाऊ द्याल का?"

खाली दोन शब्द. हो. नाही.

अण्णा गेमचा रिमोट हातात धरून बसले. अंगठा वरच्या बटणावरही नव्हता, खालच्याही नाही.

चरखा थांबला होता. आक्कानं हातातली कांडी टोपलीत टाकली.

"परशा," ती म्हणाली. त्यांना या नावानं हाक मारणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. "मी बी दर दिवाळीला हेच म्हनतोय की रं. मी काय जपानीत सांगत हुतो व्हय?"

अण्णांनी उठून टीव्ही बंद केला. मग मागांच्या खोलीत गेले आणि मुलाला बाजूला करून एका मागासमोर उभे राहिले.

चार दिवस एक ते दोन शांतता होती. सूर आला नाही. पाचव्या दिवशी जिन्यावरून हाक आली. "पेपरवाले, रविवारी निपाणीला तुमचं काय काम असतंय काय?" माझं काम नव्हतं. मी आहे म्हणून सांगितलं. बहुधा परतीच्या बसमध्ये त्यांना सोबत हवी होती.

सामान फार नव्हतं. एक वळकटी, पत्र्याची पेटी, गॅसची लहान शेगडी, चरखा. आक्कानं कवळीची साडी नेसली होती. त्या साडीला आता घरात सगळेच तसं म्हणत. बसमध्ये दोघं शेजारी बसली. संकेश्वरला अण्णांनी खिडकीतून भाजलेल्या शेंगा घेतल्या आणि सोलून सोलून दाणे तिच्या ओटीत टाकत राहिले.

घराचं कुलूप आक्कानं स्वतः उघडलं. ती आत वाकत असतानाच समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. तंबाखूच्या चुऱ्यानं बोटं पिवळी झालेली, विड्या वळायचं सूप हातात तसंच.

"शेवंते! आलीस व्हय गं?"

"आलो," आक्का म्हणाली. "आता ऱ्हायला आलो."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी राहत होतो. आक्काचं नाव मला त्या दिवशी कळलं. अण्णा उंबऱ्याशी वळकटी घेऊन उभे होते. त्यांनी त्या म्हातारीकडे बघितलं, मग बहिणीकडे. बहिणीला या नावानं कुणीतरी हाक मारतं हे त्यांच्याही लक्षातून गेलं असावं.

त्यांनी दुपारभर काम केलं. दाराची कडी घट्ट केली, कौलं सारखी केली, पाण्याचं पिंप धुऊन भरलं, शेगडी तीनदा पेटवून बघितली. चौथ्यांदा पेटवायला गेले तेव्हा आक्का म्हणाली, "जा आता. बस जाईल."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. शेजारची जागा रिकामी ठेवून. मी मागच्या बाकावर. संकेश्वरच्या पुढे त्यांनी मान न वळवता विचारलं, "पेपरवाले, तिला सोडलं न्हवं मी? का ती ऱ्हायली?"

"राहिल्या," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी एकला सूर पुन्हा सुरू झाला. मी खाली गेलो तेव्हा रांगेत तिघं होते आणि उत्तरेचा दरवाजा मागे पडला होता. वरचं बटण त्यांनी एकट्यानं दाबलं होतं. ते बघायला त्यांनी कुणाला बोलावलं नाही.

तिच्यावाचून चालणं अवघड होतं. बरं करणारं कुणी नाही, पिशवीतलं औषध जपून वापरायचं, दर दहा पावलांनी मागे फिरायचं. घरातही चहा आता ते स्वतः करत आणि साखर विसरत. कांड्या भरायला एक बाई यायची, पण ती अण्णांच्या मते सैल भरायची. दर रविवारी ते सकाळच्या बसनं निपाणीला जात. जाताना रिकाम्या कांड्यांची पिशवी, येताना भरलेल्या. आक्कानं चरखा उगाच नेला नव्हता.

पुढे माझी बदली कोल्हापूरला झाली. सामान हलवलं त्या दुपारी निरोप घ्यायला गेलो. एक वाजून गेला होता, माग थांबलेले. अण्णा पाटावर. उत्तरेचा मुलूख बराच पालथा झाला होता. स्नेहलनं मोबाइलवर वाचून सांगितलं होतं की आता एकच किल्ला राहिला, तो घेतला की खेळ संपतो. किल्ल्याचं दार पडद्यावर समोरच दिसत होतं.

त्यांनी टोळी वळवली आणि उलटी दक्षिणेला चालवू लागले.

"अण्णा, किल्ला?"

"किल्ला कुठं पळतोय? तो बी हिरीवरच्या बाबागत हाय. हलायचा न्हाय."

मी बसून राहिलो. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. चार पावलं, लढाई. चार पावलं, लढाई. वही मांडीवर उघडी होती. निळ्या खांबांच्या पानावर जिथं आधी आक्काचा नुसता 'आ' लिहिलेला होता तो खोडरबरानं पुसून, चौकटींत एकेक अक्षर बसवून, त्यांनी लिहिलं होतं: शेवंता. आणि किल्ल्यापासून त्या चौकटीपर्यंतची सगळ्यात जवळची वाट लाल पेन्सिलीनं आखली होती. पावलं मोजून, वळणावळणाला आकडा घालून.

तिघं देवळात शिरले. ती खांबाशी उभी होती. आता तिचं तोंड त्यांच्याकडे होतं. अण्णांनी थोरल्याला तिच्यासमोर नेऊन उभं केलं आणि बटण दाबलं. एक ओळ उमटली. स्नेहल कामावर होती, मोबाइल नव्हता. अण्णांनी ती ओळ डावीकडून उजवीकडे, बोट फिरवत, सावकाश बघितली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"हवा चांगली हाय म्हनती," अण्णा म्हणाले, आणि तिघांना घेऊन पुन्हा उत्तरेला निघाले.